सरकारनें हात आखडावा तो कोठें ?

"गरिबांस पोसणें हें सरकारचें काम नव्हे," हें वाक्य आमच्या शहरांतील पेढ्यांवर व बैठकींतून पूर्वींहि ऐकूं येत असे. परंतु २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'माझी लाडकी बहीण' योजना काढून स्त्रियांच्या खात्यांवर दरमहा १५०० रुपये जमा करण्यास आरंभ केल्यापासून त्या वाक्यास विशेष धार आली आहे. कर आम्हीं भरावा, वांटप पुढाऱ्यांनीं करावें आणि मतेंहि त्यांनींच गोळा करावीं, हा कोठला न्याय, असें व्यापारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आणि रास्त प्रश्न विचारणारास 'तूं गरिबांचा वैरी' असें म्हणून गप्प बसविणें म्हणजे उत्तर देतां येत नसल्याची कबुली देणें होय. म्हणून मर्यादित राज्यसत्तेचें हें तत्त्व कोठून आलें, तें कोणत्या प्रसंगीं खरें ठरलें आणि कोणत्या प्रसंगीं त्यानें माणसें मारलीं, याचा थोडा तपास करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें तत्त्व कोणा कृपण सावकारानें काढलेलें नाहीं. १७९५ सालीं इंग्लंडांत धान्य महागलें तेव्हां एडमंड बर्क यानें मुख्य प्रधान पिट यास एक टिपण लिहून कळविलें कीं, लोकांची उपजीविका चालविणें सरकारच्या आवांक्यांतील गोष्ट नव्हे. सरकार बाजारांत शिरलें म्हणजे धान्य वाढत नाहीं, घोंटाळा मात्र वाढतो. भुकेल्यास अन्न देणें हें प्रत्येक सज्जनाचें कर्तव्य आहे, पण तें खासगी धर्माचें कर्तव्य आहे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं बर्कशायर परगण्यांतील न्यायाधीशांनीं स्पीनहॅमलंड येथें बसून अगदीं उलट ठराव केला. पावाचा भाव चढेल तसतशी मजुराच्या रोजीची तूट गांवच्या करांतून भरून द्यावयाची, असा तो ठराव. हेतु दयेचा होता यांत संशय नाहीं. पण गांव तूट भरून देतेंच आहे, मग आपण पुरी मजुरी कां द्यावी, असें म्हणण्यास मोठ्या शेतकऱ्यांस वाव झाला. आणि गरिबांसाठीं घेतलेल्या कराचा कांहीं भाग मजुराच्या हातून जाऊन त्याच्या धन्याच्या खिशांत पडूं लागला. १७८४ च्या सुमारास वीस लक्ष पौंडांच्या आसपास असलेला हा खर्च १८१८ सालीं ऐशीं लक्षांच्या घरांत गेला. युद्ध, महागाई व लोकसंख्येची वाढ हीं कारणेंहि त्यांत होतींच. तरी दयेच्या पैशाची वाट कोणीकडे वळते हें पाहिल्यावांचून दया करूं नये, हा हुजूरपक्षीयांचा आक्षेप तेव्हांपासून उभा आहे, आणि तो पोकळ नाहीं.

पोकळ ठरला तो त्यावरचा उपाय. १८३४ सालीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. धडधाकट माणसास घरबसल्या मदत बंद. मदत हवी असेल त्यानें बायकामुलांसह दरिद्रगृहांत यावें. तेथें नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलें तिसरीकडे. आणि तेथील स्थिति बाहेरच्या अत्यंत हलक्या मजुराच्या स्थितीहून मुद्दाम वाईट ठेवावी, म्हणजे गरज नसलेला मनुष्य येणार नाहीं, अशी त्यांतील युक्ति. ज्या चौकशी-अहवालावर हा कायदा उभारला त्यानें हातीं आलेल्या पुराव्याचा विपर्यास केला होता, असें मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञानें पुढें १९६३ सालीं आंकड्यांनिशीं दाखवून दिलें. परंतु तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. १८४५ सालीं अँडोव्हर येथील दरिद्रगृहांत खतासाठीं हाडें फोडण्याच्या कामावर लाविलेले लोक त्याच कुजक्या हाडांवरचें मांस व आंतील मगज चोखून खात होते, हें उघडकीस आलें, आणि खुद्द इंग्लंडच्या सभ्य समाजास लाज वाटली.

येथें एक गोष्ट आमच्या वाचकांनीं लक्षांत घ्यावी. गरिबांविषयीं कोण कठोर व कोण दयाळू हें पक्षाच्या नांवावरून ओळखूं जाल तर फसाल. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडला, तेव्हां हुजूर पक्षाचा प्रधान रॉबर्ट पील यानें एक लक्ष पौंडांचा मका अमेरिकेंतून गुपचूप खरेदी करून आयर्लंडांत धाडला, आणि धान्यावरील जकातीचे कायदेहि रद्द करवून आपल्याच पक्षाचा रोष ओढवून घेतला. १८४६ सालीं त्याच्या जागीं आलेलें रसेलचें मंत्रिमंडळ उदारमतवादी म्हणविणाऱ्यांचें. पण बाजाराच्या नियमांवर त्यांची श्रद्धा अशी जाज्वल्य कीं, सरकारी धान्य बाजारांत आणून व्यापाऱ्यांचा उत्साह खचवूं नये, हेंच त्यांस मुख्य वाटलें. १८४७ च्या उन्हाळ्यांत सरकारी खर्चानें उघडलेल्या अन्नछत्रांतून दररोज सुमारें तीस लक्ष लोकांस जेवण मिळत होतें. म्हणजे हें काम सरकारास करतां येत नव्हतें असें नव्हे. तीं छत्रें कांहीं महिन्यांत बंद करण्यांत आलीं आणि सारा भार आयर्लंडच्याच बुडालेल्या जमीनदारांच्या करावर टाकण्यांत आला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, आणि तितकींच देश सोडून गेलीं.

आतां आपल्या घरचें पाहूं. १८७३-७४ सालीं बिहारांत पीक बुडालें तेव्हां सर रिचर्ड टेंपल यानें ब्रह्मदेशांतून लक्षावधि टन तांदूळ आणविला, सढळ हातानें कामें काढलीं, आणि उपासमारीनें मनुष्यहानि जवळजवळ होऊं दिली नाहीं. याबद्दल त्यास शाबासकी मिळाली काय ? छे ! पैसा उधळला म्हणून लंडनपासून कलकत्त्यापर्यंत त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. टेंपल हा हुशार नोकर होता; तो धडा शिकला. १८७६ सालीं दख्खनेंत व मद्रासेंत पाऊस गेला, आणि जानेवारी १८७७ मध्यें लॉर्ड लिटन यानें खर्चास आळा घालण्यासाठीं याच टेंपलास दुष्काळी मुलखांत धाडिलें. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस दिल्लीस राणीसाहेबांच्या नव्या पदवीचा दरबार मोठ्या थाटानें भरला होता, हें सांगावयास नकोच. टेंपलानें कामावरील पुरुषाची रोजी एक रत्तल धान्य व एक आणा इतकी खालीं आणिली. दिवसभर खडी फोडणाराच्या अंगांत तेवढ्यानें जीव कसा राहील, असें मद्रासचा सरकारी वैद्य कॉर्निश हाच विचारूं लागला. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर ही रोजी नाकारून कामांवरून निघून गेले. पुणें सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें तालुक्यातालुक्यांतून माहिती आणवून ती सरकारपुढें मांडली. आणि तें काम इतक्या व्यवस्थेनें केलें कीं, आजच्या आमच्या संस्थांनीं त्यापासून धडा घ्यावा. तरी रोजी पुरती सुधारली नाहीं. धान्याची परदेशीं निर्यात चालूच होती, कारण तीस अटकाव करणें हें शास्त्राविरुद्ध ! १८८० च्या दुष्काळ आयोगाच्याच अंदाजाप्रमाणें एकट्या ब्रिटिश मुलखांत पन्नास लक्षांहून अधिक माणसें या दुष्काळानें खाल्लीं. टेंपलसाहेब दरम्यान मुंबईचे गव्हर्नर झाले.

या सर्व प्रकरणांत अॅडम स्मिथच्या ग्रंथाचा आधार सरकारी अधिकारी वारंवार घेत असत. तो आधार कोठें चुकत होता हें समजून घेणें व्यापाऱ्यांस विशेष अगत्याचें आहे. ज्या गांवीं भाव चढला तेथें माल जातो, हें व्यापाराचें तत्त्व सोळा आणे खरें. परंतु भाव चढला म्हणून माल तेथें विकला जातो, तो घेणाराच्या गांठीं पैसा असेल तर. सोलापूर-विजापुराकडच्या मजुराचें शेत करपलें, रोजी बुडाली, ढोर विकलें. त्याची भूक मोठी असली तरी बाजारांत ती दिसत नाहीं, कारण बाजारास भुकेची भाषा समजत नाहीं, रुपयाची समजते. अशा वेळीं रेल्वे दुष्काळी मुलखांतून धान्य बाहेरहि नेऊं शकते, आणि तसें घडलेंहि. १९८१ सालीं अमर्त्य सेन यांनीं आपल्या दुष्काळविषयक ग्रंथांत हीच गोष्ट बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून सविस्तर सिद्ध केली. आणि इंग्लंडांत खरें ठरलेलें अर्थशास्त्र जसेंच्या तसें येथें लागू पडणार नाहीं, हें न्या. रानडे यांनीं १८९२ सालींच डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत बजाविलें होतें.

"मग खासगी दानधर्म आहे ना ?" असा यावर प्रश्न येतो. आमच्या व्यापारी वर्गानें धर्मशाळा, पाणपोया, औषधालयें व शाळा यांवर खर्चिलेला पैसा आम्हांस ठाऊक आहे, व त्याबद्दल आम्हांस आदर आहे. पण खासगी दान हें दात्याच्या डोळ्यांनीं पाहतें, आणि दात्याचे डोळे त्याच्या समजुतींनीं बांधलेले असतात. पेशवाईंत श्रावणमासीं पर्वतीच्या रमण्यांत लक्षावधि रुपये दक्षिणेदाखल वांटले जात. ते घेणारे ब्राह्मण. त्याच राज्यांतील महार-मांगास दुष्काळांत अन्नाची गरज त्यांहून कमी होती असें कोणी म्हणूं शकेल काय ? १८७७ सालीं ज्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नव्हतें अशा मुलांसाठीं जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांस धनकवडीस बालाश्रम काढावा लागला. दात्यानें कोणास द्यावें हें त्याच्या खुषीवर राहूं द्या; पण उपाशी माणसाचा जीव दुसऱ्याच्या खुषीवर व जातीच्या पंक्तीवर लोंबकळत ठेवण्यास जें राज्य राजी असतें, तें मर्यादित नव्हे, बेपर्वा आहे.

आतां दुसरी बाजू, आणि तीहि तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे. १८७६ नंतर बरोबर शंभर वर्षांच्या आंत महाराष्ट्रांत पुन्हां तसाच प्रसंग आला. १९७० पासून तीन वर्षें पाऊस हुलकावण्या देत राहिला आणि १९७२ सालीं तर पिकें साफ बुडालीं. खेड्यांतील वृद्ध माणसांस ती सुकडी, तो मिलो आणि ती खडी अजून आठवते. मे १९७३ मध्यें सरकारी दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लक्ष माणसें होतीं. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, विहिरी अशीं कामें निघालीं. हाल झाले, गुरें मेलीं, कुटुंबें मुंबई-पुण्यास पांगलीं. परंतु १८७७ ची पुनरावृत्ति झाली नाहीं. याचें कारण काय ? सरकारनें प्रत्येक तोंडीं घांस भरविला म्हणून नव्हे; मजुराच्या हातीं आठवड्याचा पगार पडत होता म्हणून. आणि तो पगार पडत होता म्हणूनच, एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत धान्य नेण्यावर निर्बंध असतांहि, शेजारच्या मुलखांतून धान्य महाराष्ट्रांत येत राहिलें. तें कोणीं आणिलें ? व्यापाऱ्यांनींच ! मजुरीनें बाजारांत गिऱ्हाईक उभें केलें, आणि गिऱ्हाईक दिसतांच बाजारानें आपलें काम केलें.

त्याच १९७३ सालच्या एप्रिलांत केंद्र सरकारनें काय केलें तेंहि पाहा. गव्हाचा घाऊक व्यापार व्यापाऱ्यांच्या हातून काढून आपल्या हातीं घेतला. व्यापारी साठे करितो, म्हणून व्यापारीच नको, असें तें तर्कशास्त्र. परिणाम असा झाला कीं, गहूं सरकारी गुदामांत ठरल्याप्रमाणें आला नाहीं, चोरटा बाजार मात्र भरभराटला, भाव चढले, आणि वर्षभरांत, १९७४ सालीं, सरकारास तो निर्णय मागें घेणें भाग पडलें. एकाच वर्षीं, एकाच देशांत, सरकारचे दोन हात दोन कामें करीत होते. एका हातानें बेकारास काम दिलें, तें तगलें. दुसऱ्यानें व्यापाऱ्याची तागडी हिसकावली, ती त्यास धरतांच येईना. राजाजी, मसानी प्रभृतींच्या स्वतंत्र पक्षानें १९५९ पासून परवाने व कोटे यांच्या राज्याविरुद्ध जो आवाज उठविला होता, त्याचें म्हणणें या दुसऱ्या हातापुरतें पूर्ण खरें ठरलें, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों. परंतु त्या आवाजाचा उपयोग करून पहिला हातहि तोडावा असें जे म्हणतात, ते दोन भिन्न खटल्यांत एकच निकाल मागत आहेत.

मर्यादित सरकारचे जे मोठे पुरस्कर्ते, तेहि इतके पुढें गेलेले नाहींत. हायेक यानें १९४४ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत सरकारी नियोजनावर कडक हल्ला चढविला. पण अन्न, वस्त्र व निवारा यांची किमान हमी समाजानें प्रत्येकास देण्यास त्याचा विरोध नव्हता. मिल्टन फ्रीडमन यानें १९६२ सालीं उलट्या प्राप्तिकराची कल्पना मांडली: ज्याचें उत्पन्न ठराविक पातळीखालीं असेल त्यास सरकारनेंच कांहीं रक्कम द्यावी, आणि मदतीचीं नाना खातीं बंद करावीं. जर्मनींत आजारपणाचा, अपघाताचा व वृद्धपणाचा सरकारी विमा १८८३ ते १८८९ या काळांत आणणारा बिस्मार्क हा तर समाजवाद्यांचा कट्टा वैरी. आमच्याकडे या मंडळींचीं नांवें घेणारे पुष्कळ. ग्रंथ उघडणारे कमी दिसतात.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेंत या दोन्ही मतांचा मेळ होता, हें तिचें वैशिष्ट्य आहे. वि. स. पागे यांनीं सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांत लहान प्रमाणावर ती कल्पना चालवून पाहिली. दुष्काळांत ती राज्यभर पसरली. १९७७ सालीं विधिमंडळानें कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्यास पंधरा दिवसांत काम, न मिळाल्यास भत्ता. यांत जात विचारावयाची नाहीं, पुढाऱ्याची चिठ्ठी आणावयाची नाहीं. उन्हांत कुदळ धरण्याची तयारी हाच गरजेचा दाखला. दरिद्रगृहाच्या भिंतींनीं जें काम माणसाचा अपमान करून साधावयाचें म्हटलें होतें, तें येथें अपमानावांचून साधलें: ज्यास गरज नाहीं तो आपण होऊनच येत नाहीं. स्त्रिया मोठ्या संख्येनें आल्या, आणि कांहींच्या हातीं स्वतःच्या नांवाची मजुरी प्रथमच पडली. म्हातारे व निराधार यांच्यानें कुदळ उचलवत नाहीं, त्यांच्यासाठीं १९८० सालीं निराळी योजना करावी लागली, हेंहि योग्यच झालें. खोट्या हजेरीपटांचीं व कागदावरच्या बांधांचीं प्रकरणें झालीं, तीं आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. शिवाय १९८८ सालीं मजुरीचे दर किमान वेतनाच्या बरोबरीनें वाढविल्यावर कामें पुरेशीं निघेनाशीं झालीं व कामावरील संख्या घटली. कागदावर हमी राहिली, पण काम मागणारास ताटकळत ठेवण्याची युक्ति नोकरशाहीस सांपडली. तरी २००५ सालीं केंद्राने सबंध देशाच्या ग्रामीण भागासाठीं शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला तेव्हां नमुना याच राज्याचा घ्यावा लागला.

आणि या योजनेचे पैसे कोणीं दिले ? आमच्या व्यापारी वाचकांनीं. १९७५ च्या कायद्यानें जो व्यवसाय कर बसविला तो याच कामासाठीं. त्याच्या जोडीला बागायती जमिनीवर व मोटारींवर जादा आकार होता, आणि जितकी वसुली तितकीच रक्कम सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी, असें ठरलें होतें. शहरानें खेड्यास दिलेला हा उघड, हिशेबी व मुद्देसूद हातभार होता. आज राज्यांत या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये आहे, आणि तो भरतांना हा पैसा मुळांत कशासाठीं घेतला गेला याची आठवण दहांतील एकासहि नसते.

या तराजूंत 'लाडकी बहीण' योजना ठेवली तर काय दिसतें ? गरीब स्त्रीच्या हातीं रोख रक्कम देणें यांत आम्हांस स्वतः कांहीं पाप दिसत नाहीं. ती रक्कम ती मुलांच्या पोटावर व औषधावर खर्च करील असाच आमचा अनुभव सांगतो. दोष निराळा आहे. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्यें; योजना त्याच वर्षाच्या जुलैंत. उत्पन्नाची अट अडीच लक्ष रुपयांची. पण छाननी पैसे वांटल्यानंतर, आणि २०२५ सालीं त्या छाननींत सरकारी नोकर स्त्रियांचींहि नांवें निघालीं. आधीं वांटावें, मग पात्रता पाहावी, ही रीत कोणत्याहि पेढीवर चालणार नाहीं. येथें हुजूरपक्षीयांचा जुना आक्षेप, मदतीचा पैसा कोणाकडे वळतो हें पाहा, हा शब्दशः लागू पडतो. आणि सरकारनें त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे.

पण मग तोच आक्षेप सर्वत्र लावा. याच राज्यांत १९६४ पासून कारखान्यांस प्रोत्साहन म्हणून करांत सूट, जमिनींत सवलत व अनुदान देण्याच्या योजना नांवें बदलून चालत आल्या आहेत. त्या रकमांच्या वेळीं 'सरकारचें हें काम नव्हे' असें पेढ्यांवर आम्हीं फारसें ऐकलेलें नाहीं. कारखानदारास दिलेली सवलत म्हणजे विकास आणि मजुरास दिलेली रोजी म्हणजे आळसास खतपाणी, अशी दुहेरी वजनें जो वापरतो तो मर्यादित सरकारचा पुरस्कर्ता नव्हे. त्यास सरकार हवें आहे, फक्त आपल्या दारापुरतें.

आमची सूचना अगदीं व्यवहाराची आहे. व्यापारी मंडळांनीं व नगरवासीयांच्या संस्थांनीं मदत बंद करा अशी मागणी करण्यापेक्षां येत्या अर्थसंकल्पापूर्वीं सरकारास तीन गोष्टी लेखी विचाराव्या. व्यवसाय कराची वसुली वर्षवार किती झाली. तिच्याइतकी रक्कम सरकारनें रोजगार हमीच्या निधींत प्रत्यक्ष घातली काय. आणि १९९० नंतर ज्या वर्षांत वसुली खर्चाहून अधिक झाली त्या वर्षांची शिल्लक कोठें गेली. सार्वजनिक सभेनें १८७७ सालीं बैलगाडीच्या रस्त्यांवरून तालुक्यांचे आंकडे गोळा केले होते. हे आंकडे तर मंत्रालयांतच आहेत.